बार्शीची माणसं कशी आहेत

॥ ॐ नमः शिवाय ॥
कळंब, श्रावण शु. ८, शके १८६८

ती. अक्काच्या सेवेशी,

धाकटी बहीण इरम्मा हिचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पावलं. दाजींच्या गुडघ्याला आराम पडला हे वाचून बरं वाटलं. इकडे अण्णा, वहिनी, मुलं खुशाल. आडतीवर मूग यायला लागलेत, त्यामुळं अण्णांना जेवायला बोलवावं तर तीनदा माणूस धाडावा लागतो.

एक बातमी आहे, तू हसशील. गावातल्या पोरांनी नवरात्रात नाटक करायचं ठरवलंय. तालमीला जागा म्हणून अण्णांनी आपली मागची वखार दिली. तालीम घ्यायला मास्तर आणलेत ते कोण, तर तुझ्या घरचेच, दाजींचे चुलतभाऊ रेवणसिद्ध. त्यांची कंपनी मोडली म्हणे. बोलपट आल्यापासून नाटकाला कुत्रं येईना, मालकानं पडदे विकले आणि माणसं वाटेला लावली.

काल ते दारात उभे राहिले आणि बाई, वखारीची किल्ली देता का, असं म्हणाले. मला बाई म्हणाले, अक्का. आठ वर्षं झाली हे खरं, पण तुझ्या लग्नात चार दिवस माझ्या मागं मागं फिरणारा माणूस हाच ना. आप्पांनी त्यांच्या चुलत्याला तोंडावर सांगितलं होतं की पोरगी विहिरीत ढकलीन पण नाटक्याला देणार नाही. तू नवी नवरी दाराआड उभी राहून ऐकत होतीस. मग मला लोहाऱ्याला दिलं, आणि दुसऱ्याच वर्षी पांढरं कपाळ घेऊन मी परत आले. आप्पाही गेले. आता हे किल्ली मागतात आणि मी देते. केस कानावर पांढरे झालेत. आवाज मात्र तोच आहे.

खरं सांग, तू तर त्यांना इकडं धाडलं नाहीस ना. वहिनीला यातलं काही ठाऊक नाही, ठाऊक होऊही नये. दाजींना नमस्कार. आहे तसा जीव राहू दे माझ्यावर, ही विनंती.

तुझी,
इरम्मा

•

तामलवाडी, श्रावण व. ५

चि. इरम्मास,

लक्ष्मम्माचा अ. आ. तुझं पत्र म्या चुलीपुढं बसून वाचलं आणि भाकरी करपली. त्यावरनं ह्यांनी मला दोन दिवस चिडवलं.

मी कशाला धाडू गं त्यांना. महिन्याखाली भावजी एक वळकटी घेऊन आले, आठ दिवस ओसरीवर पडून राहिले. कळंबला जायचं निघालं तवा अण्णाची खुशाली विचारली, वहिनीची विचारली, आपल्या म्हशीचीसुद्धा विचारली. तुझं नाव तेवढं काढलं न्हाय. आता यावर तू खुश होशील, मला ठाऊक हाय. लहानपणापासनं तुला न बोललेलंच जास्ती ऐकू येतं.

पर इरे, मोठी बहीण म्हणून चार शब्द लिहिते. अण्णाचा निरोप मलाबी आलाय. बार्शीचे महालिंगप्पा कापडवाले, बायको जाऊन दोन वर्षं झाली, पदरी दोन लेकरं. पाट लावून न्यायला तयार हाईत. आपल्यात पाट लागतो, त्यात खाली बघायचं कारण न्हाय. तू चोविशीची. भावाच्या घरी आज मान हाय, उद्या वहिनीच्या सुना आल्यावर काय. दसऱ्यापत्तर जवाब द्यायचा असं अण्णा म्हणतो. बार्शी इंग्रजीत पडते, तिकडं ह्या निजामाच्या राजवटीतल्यासारखी धाकधूक न्हाय, ही एक गोष्ट मनात धर.

ह्यांचा गुडघा पुन्हा सुजला. एरंडाचा पाला बांधते. लेकरांचे तुला मुके. मन खात असलं तर मला लिहीत जा, दुसऱ्या कुणापाशी तोंड उघडू नको. माया हाय ती हायच.

तुझी अक्का,
लक्ष्मम्मा

•

कळंब, भाद्रपद शु. १२

ती. अक्काच्या सेवेशी,

शि. सा. न. वि. वि. आठ दिवस रोज पत्र लिहायला बसते आणि उठते. आज पुरं करते.

मठातल्या स्वामींनी आपल्याला अक्षर शिकवलं ते असं कामी येईल वाटलं नव्हतं. नाटकाच्या नकला काढून द्यायला गावात सुवाच्य हात कुणाचा नाही, म्हणून अण्णांनीच माझं नाव सुचवलं. नाटक मास्तरांनी स्वतः रचलंय. एक माणूस पुष्कळ वर्षांनी गावी येतो आणि जिच्याशी लग्न व्हायचं राहिलं तिच्या दारात उभा राहतो. मी लिहिते आणि माझा हात थांबतो.

परवा ते वखारीच्या उंबऱ्याशी आले. सगळी पोरं बसलेली, मकबूल दर्जी बाजाच्या पेटीवर. सगळ्यांदेखत मला विचारलं की अशा वेळी बाईमाणूस काय बोलेल, मला नीट लिहिता येईना. मी म्हणाले, काही बोलणार नाही, चुलीवर काय ठेवलंय ते बघायला आत जाईल. दुसऱ्या दिवशी नाटकात तेच आलं. गोरोबा नायिका झालाय, तो काही न बोलता आत निघून जातो, आणि पोरं म्हणतात की हा प्रवेश सगळ्यांत चांगला जमलाय.

मग त्यांनी साडी मागितली. माझी हिरवी इरकल, पेटीत होती ती. गोरोबाला नेसवायला. दिली. तालीम झाल्यावर स्वतः धुऊन, घडी घालून आणून दिली, आणि घडीत केवड्याचं पान. तेवढ्यात वहिनी आली. तर ते तिला ऐकू जाईल असं म्हणाले की गोरोबाच्या घामाचा वास जाईना म्हणून पान ठेवलं. आता मी कशावर विश्वास ठेवू, पानावर की बोलण्यावर.

पुढचं ऐक. सरपण काढताना मला विंचू चावला. वहिनी सांगते, मास्तर धावत जाऊन मकबूलच्या आईला घेऊन आले, तिचं औषध लागू पडतं म्हणून. आणि मग दिवसभर बाहेरच्या पायरीवर बसून होते. तालीम बंद. मी आत तळमळत होते तरी मला ठाऊक होतं की बाहेर कोण आहे. दिवस कलला तसे उठून गेले. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर पाय कसा आहे एवढंसुद्धा विचारलं नाही. अण्णांशीच बोलत राहिले, बार्शीचा बाजार किती वाढलाय, तिथली कापडपेठ कशी आहे. मी कप ठेवून आले आणि भाकऱ्या थापत रडले. वहिनीला वाटलं विंचवाची कळ अजून आहे.

अक्का, पोळा झाला, ते गौरीला तामलवाडीस येतो असं तुम्हाला बोलून गेले होते म्हणे, पण तालमीमुळं राहिलं. आता अनंताच्या चतुर्दशीनंतर येणार आहेत. तू त्यांना विचार. माझं नाव घेऊन नको. सहज विचार. ते जे म्हणतील ते मला जसंच्या तसं कळव, तुझ्या पदरचं काही घालू नको. मी वाट बघते.

मोठेपणानं सांभाळून घे.

तुझी,
इरम्मा

•

तामलवाडी, भाद्रपद व. ६

चि. इरम्मास,

अ. आ. वि. वि. भावजी येऊन गेले. तू सांगितलंस तसं जसंच्या तसं लिहिते.

जेवायला वाढलं तवा म्या विषय काढला. म्हटलं, भावजी, आता चार भिंती बघा, कुणाला तरी कुंकू लावा. हसले. म्हणाले, वैनी, मोडक्या कंपनीच्या माणसाला कोण पोरगी देतो. म्या म्हटलं, कुणी देत असंल तर. तवा हातातला घास खाली ठेवला. मग इचारतात काय, तर बार्शीची माणसं कशी आहेत. महालिंगप्पा व्यसनी तर न्हाय. लेकरं पहिल्या आईच्या आठवणीनं हट्टी तर न्हाईत. घरात सासू कशी. म्या म्हटलं, माणसं सोन्यासारखी हाईत, ह्यांनी सोलापुरात चौकशी केली. पोरीनं नशीब काढलं असंच म्हणा. त्यावर बरं झालं, एवढंच म्हणाले आणि पाण्याचा तांब्या उचलून उठले. ताटात निम्मं तसंच.

वाटेला लागताना पुन्हा मागं वळले. म्हणाले, वैनी, तिला सांगा. आणि मग म्हणाले, न्हाय, काही सांगू नका.

आता ह्याचा अर्थ तू मला विचारशील. इरे, मी चार पावसाळे जास्ती बघितलेत. ज्याला आपलं करायचं असतं त्यो आपलं बोलतो. दुसऱ्याच्या घरची भिंत पक्की हाय का ते विचारत बसत न्हाय. त्यांच्या मनात तुझी माया असंल, न्हाय म्हणत न्हाय. पर ती नाटकातली माया हाय. पोरांपुढं बोलायची, पडदा पडला की गुंडाळून ठेवायची. तुझ्या दुःखावर त्यांचं नाटक रंगतंय, तुझ्या हाती काय लागलं.

तू बार्शीला होकार दे. अण्णाला थांबवू नको. हे मी रागानं लिहीत न्हाय. पर कुणीतरी धीट व्हायला पाहिजे.

मोठी म्हणून ऐक, आणि रुसली तरी अंतर देऊ नको.

तुझी अक्का,
लक्ष्मम्मा

•

कळंब, आश्विन शु. ९

ती. अक्काच्या सेवेशी,

शि. सा. न. वि. वि. तू सांगितलंस तसं केलं. घटस्थापनेला अण्णांना हो म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मला वाटलं नव्हतं त्यांनी एवढी काळजी वाहिली असेल. काल दुपारी बार्शीची माणसं येऊन सुपारी फोडून गेली. महालिंगप्पा स्वतः आले होते. उंच, जरा वाकलेले, फार बोलत नाहीत. धाकटी मुलगी बरोबर होती, तिच्या फ्रॉकची गुंडी निघाली होती, ती मी लावून दिली.

नाटकही कालच झालं. पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांची परवानगी शेवटपर्यंत अडली होती, पण मिळाली. गर्दी इतकी की बायकांच्या बाजूला पाय ठेवायला जागा नाही. पडदा उघडायच्या आधी अण्णा आनंदात होते, ते रंगपटात जाऊन सगळ्यांना साखर वाटून आले, मास्तरांनाही.

नायकाचं काम मास्तर स्वतः करत होते. सगळं ठीक चाललं. तो दाराचा प्रवेश आला. त्यांनी बोलायचं, मग गोरोबानं आत जायचं. ते बोललेच नाहीत. त्यांचंच लिहिलेलं भाषण, मी सात वेळा नकलून काढलेलं, मला पाठ होतं, माझ्या ओठांवर आलं होतं. ते नुसते उभे. पेटी थांबली. गोरोबा गोंधळून तसाच उभा राहिला, आत जाईना. लोकांना वाटलं असंच आहे, आणि बायकासुद्धा डोळे पुसू लागल्या. मग टाळ्या पडल्या. वहिनी म्हणाली, काय काम केलं माणसानं.

आज सकाळी ते वखारीची किल्ली वहिनीपाशी देऊन गेले. मी न्हाणीत होते. मला निरोप काही नव्हता. तू म्हणालीस तेच खरं निघालं, अक्का. पाटाच्या वेळी चार दिवस आधी ये, मला एकटीला सोसायचं नाही.

तुझ्या पदराखालची,
इरम्मा

•

सोलापूर, आश्विन व. ११

ती. लक्ष्मम्मा वैनींच्या सेवेशी,

रेवणसिद्ध याचा सा. न. वि. वि. दादांचा गुडघा कसा आहे. मी सोलापुरास आहे, प्रकृती ठीक. तुम्हाला न भेटता निघून आलो याचा राग धरला असेल, म्हणून लिहीत आहे.

वैनी, तुमच्या पानावर बसून मी बार्शीची माणसं कशी आहेत असं विचारलं होतं. तुम्हाला ते कसं वाटलं असेल, हे मला नंतर उमगलं. मी एकदा तिच्या नशिबात आडवा आलो, आणि तिला लोहाऱ्याला दिलं गेलं. पुन्हा येताना, मी कशाच्या आड येतोय हे बघणं मला भाग होतं. माणसं वाईट असती तर मी त्याच पावली कळंबला जाऊन तुमच्या अण्णांपुढं, कल्याणप्पांपुढं, उभा राहिलो असतो. तुम्ही म्हणालात, सोन्यासारखी आहेत. मग माझ्याजवळ काय होतं हो. एक वळकटी आणि रंगाची डबी.

तरी मन मानलं नाही. तुमच्याकडून निघालो तो कळंबला न जाता आधी बार्शीला गेलो. त्यांच्या दुकानासमोरच्या चहावाल्याकडं बसून दिवसभर त्या माणसाला कापड मोजताना पाहिलं. एका म्हाताऱ्या बाईला त्यानं मापापेक्षा वीतभर जास्त फाडून दिलं. तुम्ही खरंच बोलला होतात. पण परतीच्या वाटेवर मला वाटलं की चांगला माणूस तो असेल, पण तिला कोण पाहिजे हे तिला कुणी विचारलंच नाही. आठ वर्षांखालीही विचारलं नव्हतं. म्हणून मग सोलापुरात एका टॉकीजवर दारावर उभं राहायचं काम धरलं, हसू नका, ज्यानं आमची कंपनी बुडवली त्याच्याच दारात. एक खोली बघितली. ठरवलं की नाटक पार पडू दे, दसऱ्याला सोनं द्यायला जाईन तेव्हा तिलाच विचारीन, अण्णांच्या समोर.

अष्टमीला रंग लावून बसलो होतो तेव्हा कल्याणप्पा तिच्या सुपारीची साखर घेऊन आले. माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली.

हे तिला कळवू नका. कळलं तर ती नांदेल, पण जीव लावून नांदायची नाही. तिचा स्वभाव तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मी आता तिकडं येणार नाही. लेकरांना आशीर्वाद. दिराला विसरू नये.

आपला,
रेवणसिद्ध

•

तामलवाडी, पौष शु. १०

चि. सौ. इरम्मास,

लक्ष्मम्माचा अ. आ. चि. सौ. असं लिहिताना हात हलका झाला बघ. बार्शीचं पाणी मानवतंय ना. जावईबापूंनी माझ्यासाठी धाडलेलं खणाचं कापड पोचलं. म्हणावं एवढं भारी कशाला. धाकटी तुझा पदर धरून निजते असं लिहिलंस ते ह्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, पोरगी शहाणी हाय, माणूस ओळखते.

भावजींचं विचारलंस. मला बाई काही ठाऊक न्हाय. फिरता माणूस, आज हितं, उद्या तिथं. कुणी म्हणतं सोलापुरात हाय, कुणी म्हणतं पुण्याकडं गेला. पत्र न्हाय, निरोप न्हाय. तू आता त्यांचं विचारत जाऊ नको. जे झालं ते चांगल्यासाठीच झालं.

हल्ली माझं कामात लक्ष लागत न्हाय. परवा तव्यावर हात टेकला, फोड आलाय, म्हणून अक्षर असं आलं. संक्रांतीला तीळ धाडते. जावईबापूंना नमस्कार सांग. तू सुखात असलीस की मला जेवण गोड लागतं, एवढं ध्यानात ठेव.

तुझी अक्का,
लक्ष्मम्मा

•

बार्शी, ज्येष्ठ व. ५, शके १८७०

ती. अक्काच्या सेवेशी,

इरम्माचा शि. सा. न. वि. वि. टपालाचा भरवसा उरला नाही, म्हणून हे पत्र आमच्या ओळखीच्या सोलापूरच्या माणसाबरोबर देत आहे. तुम्ही सगळे अजून तामलवाडीतच आहात, काळजी वाटते. इथं रोज कळंब, परंड्याकडची माणसं निजामाच्या माणसांच्या धाडींना भिऊन गाड्या भरून येतात. अण्णा, वहिनी मुलांना घेऊन पंधरवड्यापासून आमच्याकडेच आहेत. वखारीची किल्ली मकबूलपाशी आहे. त्यानं अण्णांना निरोप धाडला, की मी आहे तोवर कुणी कुलपाला हात लावणार नाही. दाजींना म्हणावं, गुडघ्याचं निमित्त सांगू नका, वेळ आली तर निघा. आमच्या घरात जागा आहे.

परवा रेवणसिद्ध इथं आले होते. निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांच्या हद्दीवरच्या कॅम्पात आहेत. पोरांसाठी जाडंभरडं कापड मागायला चार-पाच जण दुकानात आले, त्यांत ते. आमच्या घरच्यांनी कापड दिलं, आणि पाहुण्याचे पाहुणे म्हणून त्यांना एकट्यांना जेवायला घरी घेऊन आले. दुकानासमोरचा चहावालाही कापडाचा गठ्ठा पोचवायला आला होता. तो त्यांच्याकडं बघत राहिला, आणि ह्यांना म्हणाला, मालक, तुमच्या पाटाच्या आधी माझ्याकडं दिवसभर बसून तुमची चौकशी करणारा माणूस तो हाच. ह्यांना गंमत वाटली. हसून म्हणाले, मग पास झालो का आम्ही. रेवणसिद्धही हसले आणि म्हणाले, पहिल्या नंबरानं.

मी वाढत होते, अण्णा-वहिनी मुलांना घेऊन मठात गेले होते. हे हात धुवायला गेले तेव्हा मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं, खोलीचं, टॉकीजचं, दसऱ्याचं. सगळं दोन मिनिटांत सांगून झालं. आणि म्हणाले, वैनींना ठाऊक आहे, मीच त्यांना कळवू नका म्हटलं होतं, त्यांच्यावर राग धरू नकोस. मला एकेरी बोलले. मग हे आले आणि पावसाचं बोलणं निघालं. ते जेवून परत कॅम्पाकडं गेले. कधी येतील सांगता येत नाही, येऊ नयेत असंही वाटतं.

अक्का, तुझा दोष काढायला बसले तर मलाही सोडता येणार नाही. दोन महिने ते उंबऱ्याशी येत होते, तोंड मलाही होतं. मी अर्थ लावत बसले आणि तुझ्याकडून लावून घेतला. तू जे केलंस ते मायेनंच केलंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. आमचे घरचे मला कधी टाकून बोलले नाहीत. लेकरं मला आईच मानून अव्वा म्हणतात. धाकटीला ताप आहे, आत्ताही माझ्या मांडीवर आहे. मी कुठंही जाणार नाही, आणि कुणाला काही कळणार नाही.

पण काल दुपारी तुझं दीड वर्षामागचं पत्र हाताशी आलं, आणि तुझं अक्षर बघून मला ते वाचवेना. जे झालं ते चांगल्यासाठीच झालं, असं तू लिहिलं होतंस, आणि तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. माझा जीव निवायला थोडे दिवस लागतील. तुमची खुशाली अण्णांच्या नावानं कळवत जा, मी त्यांच्याकडून ऐकेन.

दाजींना नमस्कार, लेकरांना मुके. लोभ होता तसाच आहे, त्यात उणं नाही. पत्र मात्र मी लिहीपर्यंत मला लिहू नकोस.

तुझी,
इरम्मा